आईबाबांना काशीला नेताय? आधी घरी बसून आखणी करा

घरातल्या तरुण जोडप्याला बँकॉकला जायचे असते, तेव्हा काय काय घडते ते आठवून पाहा. तीन महिने आधीपासून चर्चा सुरू होते. पासपोर्टची मुदत तपासली जाते. हॉटेलपासून लोकल गाडीचे स्टेशन किती पावलांवर आहे, ते नकाशावर मोजले जाते. तिथल्या राजवाड्यात उघडे खांदे आणि उघडे गुडघे चालत नाहीत, हे बॅग भरण्याआधीच ठाऊक असते. टॅक्सीवाला फसवू लागला तर काय म्हणायचे, तेही कोणीतरी शिकवून ठेवलेले असते. निघण्याच्या दिवशी सगळे कागद एका फाईलमध्ये व्यवस्थित लावलेले असतात.

आता त्याच घरातल्या आईबाबांना काशीला न्यायचे ठरते, तेव्हाचे चित्र पाहा. ‘‘त्यात काय आखायचे? आपल्याच देशात तर जायचे. तिथे गेल्यावर बघू!’’ मग प्रयागराज, अयोध्या आणि काशी अशी तिन्ही ठिकाणे चार दिवसांत कोंबली जातात. मुलाला सोमवारी ऑफिसात हजर व्हायचे असते. काशीच्या वाट्याला येतो जेमतेम दीड दिवस. त्यातले सहा तास रांगेत, चार तास रिक्षाच्या गर्दीत आणि उरलेले गुडघे चोळण्यात जातात. घरी परतल्यावर मावंद्याच्या दिवशी शेजारीण विचारते, ‘‘काय काय पाहिले काशीत?’’ तेव्हा आई क्षणभर थांबते आणि म्हणते, ‘‘दर्शन झाले बाई एकदाचे.’’

‘एकदाचे’ हा शब्द पुष्कळ काही सांगून जातो. काशीला जाऊ, काशीला जाऊ असे आयुष्यभर म्हणत राहिलेल्या माणसाची ही बहुधा एकुलती एक यात्रा असते. बँकॉक आवडले नाही तर पुढल्या वर्षी सिंगापूर आहेच. सत्तरीतल्या आईबाबांच्या काशीला मात्र ‘पुढल्या वर्षी’ नसतेच, असे धरून चालावे. म्हणून परदेशच्या सहलीला लागते तितकी, किंबहुना थोडी अधिकच तयारी काशीला लागते. गर्दी, अरुंद गल्ल्या, दलाल, पायऱ्या आणि वेगळी बोली या सगळ्यांचा विचार केला, तर हे शहर परक्या देशातल्या कोणत्याही गजबजलेल्या शहरापेक्षा सोपे नाही.

पहिला प्रश्न आईबाबांना विचारा

आखणीची सुरुवात रेल्वेच्या वेळापत्रकापासून करू नका. आईबाबांना समोर बसवा आणि विचारा, ‘‘तुम्हाला तिथे नेमके काय करायचे आहे?’’ दोघांना वेगवेगळे विचारा. एकत्र विचारले की बाबा बोलतात आणि आई ‘‘हे म्हणतात तसेच’’ म्हणून मोकळी होते.

उत्तरे ऐकून नवल वाटेल. एखाद्या वडिलांना विश्वनाथाच्या रांगेपेक्षा आपल्या आईवडिलांचे श्राद्ध काशीत व्हावे, याची तळमळ असते. एखाद्या आईला मनातून पहाटेच्या होडीत बसायचे असते, किंवा लग्नात मिळाला नाही तो बनारसी शालू आता स्वतः निवडून घ्यायचा असतो. देवाधर्मात फारसे मन नसलेल्या एखाद्या आजोबांना सारनाथचे सिंह पाहायचे असतात. ज्याच्यासाठी यात्रा, त्याची इच्छा यादीत सगळ्यात वर लिहा. बाकीच्या गोष्टी वेळ उरला तर.

श्राद्ध किंवा तर्पण करायचे असेल तर गोत्र आणि तीन पिढ्यांची नावे घरीच एका कागदावर लिहून घ्या. ऐन वेळी घाटावर पणजीचे नाव आठवत नाही आणि मन उगाच खट्टू होते. काही जुन्या घराण्यांचे काशीतले तीर्थोपाध्याय ठरलेले असतात आणि त्यांच्या वह्यांमध्ये पूर्वी येऊन गेलेल्या पूर्वजांच्या नोंदी सापडतात. घरातल्या वडीलधाऱ्यांकडे, भाऊबंदांकडे याची चौकशी आधी करावी.

केव्हा जावे?

मे-जूनमध्ये काशीत पारा चाळीसच्या वर जातो आणि उष्ण वारे वाहतात. मुलांच्या शाळेला सुट्टी असते म्हणून वृद्धांना त्या उन्हात नेऊ नये. जुलै ते सप्टेंबर गंगेला पूर येतो. घाटांच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर चालत जाता येत नाही, होड्या बंद ठेवाव्या लागतात आणि आरतीची जागाही वर सरकते. ज्यांना घाट पाहायचे आहेत त्यांची या दिवसांत निराशा होते. डिसेंबर-जानेवारीत हवा थंड असते, पण दाट धुक्यामुळे गाड्या आणि विमाने तासन्‌तास रखडतात.

उरतात ते दोन चांगले काळ: ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर आणि फेब्रुवारी-मार्च. त्यातही पंचांग उघडून पाहा. महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, कार्तिक पौर्णिमेची देवदिवाळी या दिवशी शहरात पाय ठेवायला जागा नसते. देवदिवाळीला सगळे घाट पणत्यांनी उजळतात, ते दृश्य सुंदरच. पण खोलीचे भाडे काही पटींनी वाढते आणि गर्दीत म्हाताऱ्या माणसांचा जीव गुदमरतो. उत्तरेकडचा श्रावण आपल्या श्रावणाच्या सुमारे पंधरा दिवस आधी सुरू होतो, हेही विसरू नका. प्रयागराजला माघ मेळा किंवा कुंभ असेल तर तिथली गर्दी काशीकडे वळते. प्रयागराज इथून साधारण सव्वाशे किलोमीटरवरच आहे. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महाकुंभाच्या वेळी काशीतही माणसांचा महापूर लोटला होता.

तिकीट, तारीख आणि स्टेशन

मुंबईहून महानगरी एक्स्प्रेस आणि कामायनी एक्स्प्रेस या काशीला जाणाऱ्या जुन्या, ओळखीच्या गाड्या. पुण्याहून ज्ञानगंगा एक्स्प्रेस आहे. प्रवास एका दिवसाहून थोडा अधिक. तिकीट काढताना पुढील चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. जुन्या हिशोबाने चालू नका आणि साठावा दिवस चुकवूही नका.

दोन, ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये थांबवण्यात आली. खर्चाच्या अंदाजात ती गृहीत धरू नका. मात्र खालच्या बर्थचा कोटा आहे. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांना तो मिळतो. पण तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असावे लागतात. म्हणजे सहा जणांचे एकत्र तिकीट काढले की आईबाबांचा हा फायदा हातचा गेला. त्या दोघांचे तिकीट वेगळे काढा. डबा वेगळा आला तर रात्री एकदा जाऊन विचारपूस करणे मुलाला अवघड नाही. मधल्या बर्थवर चढणे मात्र आईला अवघड आहे.

तीन, महानगरी मध्यरात्र उलटल्यावर सुटते. तिकिटावर रविवारची तारीख असेल, तर स्टेशनवर शनिवारी रात्री जायचे असते. या एका घोटाळ्यापायी अनेकांची गाडी चुकते. तिकीट हाती येताच कॅलेंडरवर ‘आज रात्री निघायचे’ असे त्या शनिवारच्या चौकटीत लिहून टाका.

चार, काशीत एक नव्हे, अनेक स्टेशने आहेत. मुख्य ते वाराणसी जंक्शन. त्याला गावातले लोक ‘कँट’ म्हणतात. ‘बनारस’ नावाचे स्टेशन वेगळे. २०२१ पर्यंत त्याचे नाव मंडुवाडीह होते. शिवाय ‘वाराणसी सिटी’ आणि ‘काशी’ ही आणखी दोन. काही गाड्या शहरात न येता गंगेपलीकडच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनवरून जातात. हेच जुने मुघलसराय. २०१८ मध्ये त्याचे नाव बदलले. तिथून शहर पंधरा-वीस किलोमीटर दूर आहे. आपली गाडी नेमकी कोणत्या स्टेशनवर थांबते आणि परतीची कोठून सुटते, ते दोन्ही लिहून ठेवा.

ज्यांना गाडीचा लांब प्रवास झेपत नाही त्यांच्यासाठी विमान आहे. विमानतळ बाबतपूरला, शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर. विमानाने वाचलेला दिवस काशीतच घालवा. त्यात अयोध्या कोंबू नका. अयोध्या सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. तिकडे जायचेच असेल तर त्यासाठी स्वतंत्र दोन दिवस काढा.

खोली कोठे घ्यावी?

‘गंगेकाठी, घाटाला लागून’ अशी जाहिरात वाचून आपण हुरळून जातो. पण घाटावरच्या पुष्कळ लॉजपर्यंत वाहन जात नाही. गोदौलिया चौकापासून दशाश्वमेध घाटाच्या बाजूला बहुतेक वेळा पायीच जावे लागते. पुढे गल्ल्यांमधून सामान डोक्यावर घेऊन चालायचे आणि शेवटी तीन मजले चढायचे. खोली ठरवण्यापूर्वी फोनवर चार प्रश्न विचारा: दारापर्यंत रिक्षा येते का? लिफ्ट आहे का? कमोड आहे का? किती पायऱ्या चढाव्या लागतील? उत्तर ‘‘थोडे से चलना पडेगा’’ असे आले तर ‘थोडे’ म्हणजे किती मिनिटे, ते पुन्हा विचारा.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी अस्सी घाटाची बाजू बरी. वाहन बरेच जवळ येते, जागा मोकळी आहे आणि खाण्यापिण्याची सोय हाताशी आहे. गाडी पहाटे पोहोचत असेल तर आणखी एक प्रश्न विचारा. बहुतेक हॉटेले खोली दुपारी बाराला देतात. रात्रभर प्रवास केलेल्या म्हाताऱ्या माणसांनी पहाटे चारपासून दुपारपर्यंत बाकावर बसून राहायचे का? आदल्या रात्रीचे भाडे देऊन खोली घेतलेली परवडते. हा खर्च उधळपट्टीचा नव्हे.

विश्वनाथाचे दर्शन

सध्याचे विश्वनाथ मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास उभारले. डिसेंबर २०२१ मध्ये मंदिरापासून गंगेपर्यंतचा मोठा परिसर खुला झाला. पूर्वीची चेंगराचेंगरी त्यामुळे कमी झाली. पण दर्शनाला येणाऱ्यांची संख्याही वाढली. म्हणून सोमवार, सुट्टीचे दिवस आणि सण टाळून मंगळवार ते गुरुवार यांपैकी एखादी सकाळ निवडावी. मंदिर न्यासाच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘सुगम दर्शना’ची सशुल्क नोंदणी होते. वृद्धांसाठी ते पैसे सार्थकी लागतात. गर्दीच्या दिवसांत ही सोय आणि गाभाऱ्यातले स्पर्शदर्शन बंद ठेवले जाते, म्हणून आधी खात्री करून घ्या. रस्त्यात कोणी ‘‘मी लवकर दर्शन करवतो’’ म्हणून हात धरू लागला, तर हात सोडवून पुढे चालावे.

मंदिरात मोबाईल, बॅग, इलेक्ट्रॉनिक वस्तू नेता येत नाहीत. शक्य तर त्या खोलीवरच ठेवा. बाहेरच्या काही दुकानांत सामान ठेवायला देतात, पण त्यासाठी महागडे पूजासाहित्य घेण्याचा आग्रह होतो.

आणि मोबाईल जवळ नसणे, हीच खरी धोक्याची जागा आहे. नाशिकच्या एका परिचित बाईंनी सांगितलेला प्रसंग असा: दर्शन झाले, गर्दीत ढकलाढकली झाली आणि सासूबाई वेगळ्या दाराने बाहेर पडल्या. फोन सगळे हॉटेलात. सासूबाईंना ना मुलाचा नंबर पाठ, ना हॉटेलचे नाव माहीत. हिंदी कळते, पण घाबरल्यावर शब्द फुटेना. दोन तासांनी त्या एका फुलवालीच्या ओट्यावर बसलेल्या सापडल्या. फुलवालीने त्यांना पाणी पाजले होते आणि हलू दिले नव्हते. सुनेला पाहून त्या रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘‘सूनबाई, मला वाटले, तुम्ही मला काशीत ठेवूनच गेलात.’’

हे वाक्य कोणत्याही घरात कोणाला ऐकावे लागू नये. उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक वृद्ध माणसाच्या खिशात, कमरेच्या बटव्यात किंवा ब्लाउजला पिन लावून एक कागद ठेवा. त्यावर हिंदीत त्यांचे नाव, हॉटेलचे नाव व पत्ता, दोन मोबाईल नंबर आणि चालू असलेली औषधे लिहा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, घामाने व पाण्याने शाई पसरते. आत जाण्यापूर्वी भेटण्याची एक खूण ठरवा: ‘‘चुकामूक झाली तर ज्या दारातून आत आलो, त्याच दाराशी उभे राहायचे, शोधत फिरायचे नाही.’’ दाराचा क्रमांक मोठ्याने दोनदा म्हणून घ्या. आईचा हात धरायची जबाबदारी कोणा एकाची, हे नाव घेऊन ठरवा. सगळ्यांची जबाबदारी असली की ती कोणाचीच नसते.

घाट, होडी आणि आरती

गंगा काशीत उत्तरेकडे वाहते आणि घाट तिच्या पश्चिम काठावर आहेत. त्यामुळे सूर्य समोरच्या पात्रावर उगवतो. पहाटेची होडी यासाठीच. अस्सीहून निघून दशाश्वमेध, मणिकर्णिका, पंचगंगा असे घाट बसल्या जागी पाहून होतात. ज्यांना एकेक घाटाच्या पायऱ्या चढणे-उतरणे शक्य नाही, त्यांना सगळी काशी होडीतूनच दाखवावी. भाडे आधी ठरवा: माणशी की होडीचे, किती वेळ, कोठून कोठपर्यंत. लाईफ जॅकेट मागून घ्या आणि बाबांनी ‘‘मला पोहता येते’’ म्हटले तरी घालायला लावा.

संध्याकाळी दशाश्वमेध घाटावर गंगेची आरती होते. पायऱ्यांवर जागा मिळवण्यासाठी तासभर आधी बसावे लागते आणि संपल्यावर सगळी गर्दी एकदम उठते. वृद्धांना ती होडीतून दाखवावी, किंवा उठण्याची घाई न करता गर्दी ओसरेपर्यंत जागीच बसून राहावे. अस्सी घाटावर पहाटेही आरती आणि शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम होतो. ‘सुबह-ए-बनारस’ या नावाने तो २०१४ पासून सुरू आहे. तिथे गर्दी बेताची असते. खुर्ची टाकून ऐकत बसलेले आजोबा तिथून उठायला तयार होत नाहीत.

मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र हे स्मशानघाट. तिथे छायाचित्रे काढू नयेत. तिथे कोणाच्या तरी घरचा माणूस गेलेला असतो. ‘‘गरिबांच्या चितेसाठी लाकडाचे पैसे द्या’’ म्हणून मागे लागणारे लोक तिथे भेटतात. त्यांच्या हाती रक्कम देऊ नये. लहान मुलांना आणि नुकतेच घरात दुःख झालेल्या माणसांना तिथे न्यावे की नाही, हे घरीच ठरवा. काही वृद्धांना मात्र तिथे घटकाभर थांबायचे असते. त्यांना ‘‘इथे काय पाहायचे?’’ म्हणून ओढून नेऊ नका.

काशीतले मराठीपण

आपण काशीला जातो तेव्हा परक्या गावी जात नाही, हे मुलांना सांगायची ही चांगली संधी आहे. एकनाथांनी भागवतावरची आपली टीका काशीतच पूर्ण केली. साल १५७३, तिथी कार्तिक पौर्णिमा, म्हणजे आज देवदिवाळी साजरी होते तीच. शिवाजी महाराजांचा १६७४ सालचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचे. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. अहिल्याबाईंच्या नावाचा घाट आहे, शिंदे घाट आहे, नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. शिंदे घाटाजवळ पाण्यात कललेले रत्नेश्वर मंदिर होडीतून दिसते. राणी लक्ष्मीबाईंचा जन्म काशीतला. अस्सीजवळ भदैनीत त्यांचे स्मारक आहे. हिंदी पत्रकारितेत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते ‘आज’ या दैनिकाचे संपादक बाबुराव विष्णू पराडकर हेही काशीत जन्मलेले मराठी गृहस्थ.

ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. तिथल्या गल्लीत आईने मराठीत हाक मारली आणि वरच्या खिडकीतून ‘‘कुठले तुम्ही?’’ असा प्रश्न आला, तर तिचा अर्धा शीण तिथेच उतरेल.

पैसा कोणाच्या हातात?

काशीत पैसे थोडे थोडे करून जातात: फुले, होडी, दक्षिणा, रिक्षा, प्रसाद. विधी करायचा असेल तर साहित्य आणि दक्षिणा मिळून किती, ते आधी ठरवून घ्यावे. संकल्प सोडताना मध्येच रक्कम वाढवली गेली, तर नम्रपणे पण स्पष्ट सांगावे, ‘‘जे ठरले तेच देऊ.’’

आणखी एक गोष्ट घरातल्या मुला-सुनांनी समजून घ्यावी. सगळा खर्च मुलगा करतो, हे कौतुकाचे आहे. पण देवापुढे ठेवायला दहा रुपये आणि भिकाऱ्याला द्यायला पाच रुपये मुलाकडे मागावे लागले, की आईबाबांचा जीव कानकोंडा होतो. निघण्यापूर्वीच दोघांच्या बटव्यात दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा वेगवेगळ्या घालून द्या आणि त्याचा हिशोब विचारू नका. ‘‘माझ्या पेन्शनमधून मी खर्च करणार’’ असे बाबा म्हणाले तर करू द्या. काशी आपल्या पैशाने झाली, हे समाधान त्यांच्यापासून हिरावून घेऊ नये.

शालू घ्यायचा असेल तर रिक्षावाला नेईल त्या दुकानात जाऊ नका. त्याचे कमिशन तुमच्याच बिलात लागते. ‘सरकारी दुकान’ किंवा ‘थेट विणकराचे घर’ असे कोणी सांगितले तरी हुरळून जाऊ नये. बनारसी विणकामाला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हातमागाची साडी उलटून पाहा. विणताना कापड ताणून धरलेले असते, त्याच्या बारीक टाचण्यांच्या खुणा काठाच्या कडेला दिसतात. पण एका खुणेवर विसंबू नका. सिल्क मार्क, हॅण्डलूम मार्क आणि पक्के बिल, ही तिन्ही मागा. साडी पहिल्या दिवशी फक्त पाहावी, घ्यावी तिसऱ्या दिवशी.

प्रकृतीची काळजी

औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवसांची जास्त घ्या आणि दोन बॅगांत विभागून ठेवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत बरोबर असू द्या. पिण्याचे पाणी बंद बाटलीचे. सकाळची कचोरी-जिलेबी, कुल्हडातली लस्सी, थंडीच्या दिवसांत मिळणारी दुधाच्या फेसाची मलइयो, हे सगळे चाखावे. पण एका दिवशी एकच. मधुमेह असलेल्या बाबांना मलइयोचे दोन चमचे देऊन त्यांचे मन राखता येते. नवी चप्पल घालून जाऊ नका. घाटाच्या पायऱ्या ओल्या असतात, रबरी तळव्याची जुनी चप्पल बरी. माकडे चष्मा आणि पिशव्या पळवतात, म्हणून जुना चष्मा जादा घ्यावा. संकटाच्या वेळी ११२ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक लक्षात ठेवा. मोठे रुग्णालय म्हणजे बनारस हिंदू विद्यापीठाचे सर सुंदरलाल रुग्णालय, शहराच्या दक्षिण टोकाला.

चार दिवसांचा सोपा आराखडा

सोमवार: पहाटे पोहोचून विश्रांती. संध्याकाळी फक्त अस्सी घाटावर बसणे.

मंगळवार: पहाटे होडी. दुपारी झोप. संध्याकाळी होडीतूनच आरती.

बुधवार: सकाळी विश्वनाथ आणि जवळच अन्नपूर्णा. बाकी काही नाही. संध्याकाळी जमले तर शालूची खरेदी.

गुरुवार: सकाळी सारनाथ. शहरापासून दहा किलोमीटर. धामेक स्तूप, शांत हिरवळ आणि संग्रहालयातला चार सिंहांचा स्तंभशीर्ष. आपल्या नोटांवर आणि नाण्यांवर रोज पाहतो तेच सिंह, हे नातवंडांना तिथेच सांगावे. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, म्हणूनच हा गुरुवार. थायलंड, जपान, श्रीलंका अशा देशांनी बांधलेली बुद्धमंदिरेही इथे आहेत. आपण बँकॉकला जातो आणि थायलंडचे लोक सारनाथला येतात, याची गंमत तरुण मंडळींना वाटेल. परतताना विद्यापीठाच्या आवारातले प्रशस्त विश्वनाथ मंदिर किंवा भारतमाता मंदिर. १९३६ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या या भारतमाता मंदिरात मूर्ती नाही, संगमरवरात कोरलेला अखंड भारताचा नकाशा आहे.

शुक्रवारी परतीची गाडी.

या आराखड्यात रोज दुपारी तीन तास रिकामे ठेवले आहेत. ते भरून काढण्याचा मोह होईल. ‘‘इतक्या लांब आलोच आहोत तर’’ या शब्दांनी सुरू होणारे प्रत्येक वाक्य तिथेच अडवा. काशीला जाऊन आवडीचे एखादे फळ किंवा भाजी सोडून येण्याची आपल्याकडे रीत आहे. आईबाबा काय सोडायचे ते त्यांचे ते ठरवतील. बरोबर जाणाऱ्या मुलांनी घाई सोडावी.

आज रात्री जेवणे झाली की एक वही घ्या. पहिल्या पानावर दोन रकाने आखा, एक आईचा, एक बाबांचा. दोघांना काशीत काय हवे आहे ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. तिकिटांचे पान त्यानंतरचे.